प्लास्टर लागायच्या आधी

या महिन्यात घरच्या इंटरनेटबद्दलची पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला बरीच जागा गेली, कारण त्या गृहस्थांच्या हाती पंधराच दिवस आहेत. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात. गावाच्या कडेला नवीन घर बांधतोय. स्लॅब झाला, पंधरा दिवसांत प्लास्टर सुरू होईल. खाली चार खोल्या आणि छपरी, वर एक खोली. धाकटा भाऊ पुण्याच्या कंपनीत आहे, त्याला महिन्यातले काही दिवस घरून काम करायची मुभा मिळाली आहे. मुलीचा नीटचा क्लास ऑनलाइन असतो. घरामागे साठ-सत्तर पावलांवर गुरांचा कोठा आहे, तिथे कॅमेरा लावायचाय. मिस्त्री म्हणतो, "आता सारं वायफायवर चालते, वायरी कायले भरता भिंतीत?" इलेक्ट्रिशियनही त्याचीच री ओढतो. लाइन आमच्याकडे कधीही जाते. कनेक्शन कोणतं घ्यावं आणि घरात काय करून ठेवावं?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, मिस्त्रीला चहा पाजा आणि प्लास्टर चार दिवस पुढे ढकला. कंपनी कोणती, स्पीड किती, हे पुढे दर महिन्याला बदलता येईल. भिंतीतला पाइप बदलायचा तर भिंत फोडावी लागते.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पस्तावून सांगतो. 2011 मध्ये आर्वीकडे माझं घर झालं तेव्हा माझा धंदा केबल टीव्हीचा. टीव्हीपुरता एक अर्ध्या इंचाचा पाइप बैठकीत टाकला आणि खूश झालो. सात वर्षांनी फायबर घरात घ्यायची वेळ आली. त्या पाइपात तीन ठिकाणी काटकोनी एल्बो. ओढतार पहिल्या एल्बोपर्यंत गेली, दुसऱ्यात अडकली आणि तुटून तिथेच राहिली. आजही ती भिंतीत आहे. शेवटी वायर क्लिपा ठोकून चौकटीवरून फिरवली. घरची म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी वायर लपवता, अन् आपल्या घरी तिची वरात काढली!"

तेव्हा पाइप 25 मिलिमीटरचा घ्या आणि वळणाला एल्बो नको, लांब बेंड लावा. घरात एक मधली जागा ठरवा, बोळीतली किंवा जिन्याखालच्या भिंतीतली, छातीच्या उंचीवर. तिथून प्रत्येक खोलीत एक पाइप, बोळीच्या छतात एक, वरच्या खोलीत एक, गच्चीवर एक, रस्त्याकडच्या भिंतीतून बाहेर एक आणि मागे कोठ्याकडे एक. सगळ्यांत आज वायर भरलीच पाहिजे असं नाही, पण प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी घालून दोन्ही टोकं बाहेर गाठ मारून ठेवा. पाच वर्षांनी ती दोरी तुम्हाला आशीर्वाद देईल. लाइटच्या वायरी त्याच पाइपातून नेऊ देऊ नका. इलेक्ट्रिशियन नेतोच, त्याला एक पाइप वाचतो. दोन पाइपांत फूटभर अंतर हवं, आणि एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

वायर कॅट सिक्स घ्या. तिची पेटी 305 मीटरची येते, तुमच्या घराला ती पुरून उरेल. पेटीवरच्या छापावर जाऊ नका. दुकानातच टोक सोलून घ्या आणि आतली तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची, वर नुसता तांब्याचा मुलामा. असली वायर दोन-चार वेळा वाकवली की भिंतीतच तुटते, आणि लांबच्या कॅमेऱ्याला तिच्यातून पुरेशी वीज पोचत नाही. शुद्ध तांब्याची महाग पडते. पडू द्या.

आणखी एक लबाडी सांगून ठेवतो. वायरीत आठ तारा असतात. घाईतला पोरगा चारच तारा टोकाच्या टोप्यात (कनेक्टरमध्ये) बसवतो आणि म्हणतो, "चालते ना!" चालतं, पण 100 एमबीपीएसवर अडतं. पुढे 200 चा प्लॅन घेतलात तर कंपनीला शिव्या द्याल आणि चूक टोप्यात असेल. त्याच्यासमोर लॅपटॉप जोडा आणि लिंक स्पीड बघा. 1000 दिसला तर पैसे द्या.

मिस्त्रीचं एक म्हणणं खरं आहे : मोबाइल वायरीवर चालत नाही. पण वायफाय भिंतीतून जाताना दमतं आणि तुमच्या घरात भिंती आहेत, वर स्लॅब आहे. वायफायच्या दोन पट्ट्या, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 2.4 दूर जाते, पण हळू. 5 जोरात जाते, पण एका भिंतीनंतर लंगडते. शहरातल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची वीस-वीस वायफाय एकमेकांच्या अंगावर पडतात, म्हणून तिथे 2.4 ला कोणी विचारत नाही. तुमच्या गावाच्या कडेला फार तर दोन-तीन दिसतील. मोबाइलला आणि कॅमेऱ्याला 2.4 बिनधास्त वापरा. भावाचा लॅपटॉप आणि मुलीचं टेबल मात्र वायरीवरच. वरच्या खोलीत दुसरं वायफाय लागेल, तेही वायरीनेच जोडा. हवेतून सिग्नल उचलून पुढे देणारे डबे मिळतात. उचलताना अर्धा वेग तिथेच सांडतो.

आता लाइन. राउटर आणि ओएनटी (फायबर ज्यात जोडतात तो डबा) मिळून जेमतेम आठ-दहा वॅट खातात, पण त्यांना क्षणभराचा खंडही खपत नाही. लाइन गेली, इन्व्हर्टर लागला, तेवढ्यात राउटर बंद होऊन चालू होतो आणि भावाची मीटिंग तुटते. लोक सांगतील, इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर टाका. शहरात ठीक आहे. आपल्याकडे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज 170 वर येतं. यूपीएस मोडमधला इन्व्हर्टर साधारण 180 च्या खाली लाइन गेलीच असं धरून बॅटरीवर जातो. लाइन असून बॅटरी दिवसभर उतरत राहते आणि रात्री खरंच गेली की अंधार. म्हणून इन्व्हर्टर साध्या मोडवरच असू द्या आणि राउटरपुढे 12 व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस लावा. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती ते वाचून जा, अंदाजाने पिन जोडू नका. डब्यावर 10,000 एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं. गुणाकार केला तर 37 वॅट-तास. नऊ वॅटला चार तास, त्यातली गळती धरली तर तीन. बाकीचा वेळ इन्व्हर्टर आहेच.

राउटरला माळ्यावर बसवू नका. बहुतेक राउटरच्या माहितीपत्रकात 40 अंशांपर्यंतचीच हमी असते. नवतप्यात आपल्याकडे सावलीतच पंचेचाळीस. स्लॅबखालच्या माळ्यावर दुपारी चारला किती होत असेल, हे चढून बघा एकदा. म्हणून छातीच्या उंचीवर म्हटलं.

कनेक्शनचं सांगतो. जाहिरात बाजूला ठेवा आणि तुमच्या घराजवळच्या खांबावर कोणाची फायबर लटकते ते बघा. मग त्या खांबावरून घेतलेल्या दोन घरी रात्री आठला जा आणि विचारा, श्रावणात किती दिवस बंद होतं? कंपनीच्या नावापेक्षा तालुक्यात जोडणी करणारा माणूस किती तासांत येतो, यावर सगळं आहे. ग्रामपंचायतीतही चौकशी करा. गावोगाव फायबर नेण्याची योजना केंद्राने 2011 मध्ये मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट नाव मिळालं. अनेक पंचायतींपर्यंत तार आली, पण एकाच रांगेत आली, म्हणून रस्त्याच्या खोदकामात एका जागी तुटली की पुढची सगळी गावं मुकी. 2023 च्या सुधारित योजनेत रिंगण पद्धत ठरली आहे : एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने वळसा घालून येईल. तुमच्या पंचायतीचं काम कुठवर आलंय ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाच (पूर्वीच्या ग्रामसेवकालाच) विचारा.

फायबर नसेलच तर 5जीवर चालणारं एअरफायबर. ते घ्यायच्या आधी गच्चीवर फोन घेऊन उभे राहा, सकाळी आणि रात्री नऊला, दोन्ही वेळा स्पीड मोजा. रात्री नऊचा आकडा खरा धरायचा. आणि फायबर घेतली तरी भावासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असावं. जुना फोन हॉटस्पॉट म्हणून पुरतो.

फायबर येईल त्या दिवशी तुम्ही घरी थांबा. काचेची तार आहे, तिला तीव्र वळण चालत नाही. बांगडीपेक्षा लहान वेढा कुठेच नको, हे मी माझ्याकडे जोडणी करणाऱ्या पोरांना सांगून ठेवलं आहे. मागच्या वर्षी एका घरी प्रकाशाचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरवर उणे 19 डीबीएम आलं होतं, उत्तम. महिन्याने फोन आला, सारखं तुटतं. जाऊन मोजलं तर उणे 26. खांबावर मोजलं, ठीक. पेटीत मोजलं, ठीक. मग बैठकीत नजर गेली : नवं लोखंडी कपाट भिंतीला रेटून लावलेलं आणि फायबर मागे चेपलेली. कपाट चार बोटं पुढे ओढलं, मीटर परत उणे 19. दर तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो आणि उणे 27 ही बहुतेक ओएनटींची शेवटची हद्द. म्हणून जोडणीवाल्याला मीटर लावायला लावा आणि आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा, तारीख घालून. पुढे बिघाड झाला की तो आकडा साक्षीला येतो. ओएनटीत जाणारी पिन हिरवी असेल तर पुढेही हिरवीच हवी. हिरव्याला निळी जोडून काम उरकणारे आहेत.

ओएनटीवर लाल दिवा लागला म्हणजे प्रकाश येत नाही. गावात लाइन जाऊन बराच वेळ झाल्यावर तो लागला, तर समजा कंपनीकडच्या मशीनची बॅटरी उतरली. तुमच्या घरात शोधू नका. मधल्या वाटेवर विजेची गरज नसते, एवढं या काचेचं सुख. केबल टीव्हीच्या काळात दर काही खांबांआड ॲम्प्लिफायर असे, एका डीपीचा फ्यूज उडाला की पुढची अर्धी वस्ती मालिका सोडून माझ्या दारात.

राहिला कोठा. साठ-सत्तर पावलं म्हणजे पन्नासेक मीटर. कॅट सिक्स शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे हिशेबात बसते. तरी नेऊ नका. मृगाच्या तोंडावर एका घरी कोठ्याजवळच्या निंबावर वीज पडली. कोठ्यातून घरात आलेल्या तांब्याच्या वायरीने कॅमेरा, स्विच, राउटर आणि टेबलावरच्या लॅपटॉपचं पोर्ट, असे चारही एकाच झटक्यात नेले. गुरं वाचली, हे नशीब. काचेतून वीज जात नाही. एक कोअरची फायबर टाका आणि दोन टोकांना फायबर आणि तांब्याची वायर जोडून देणाऱ्या डब्यांची (मीडिया कन्व्हर्टरची) जोडी, एकावर ए आणि दुसऱ्यावर बी लिहिलेलं असतं. दोन्ही ए आणले तर दिवसभर डोकं खाजवाल. फायबरसोबत आधाराची पोलादी तार असते, ती घरात घेऊ नका, बाहेरच कापा.

जमिनीतून नेणार असाल तर आपली काळी जमीन ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगून येते. जोडाजोडाचा पीव्हीसी पाइप दोन वर्षांत सांध्यावर निखळतो आणि आतली तार ताणून तोडतो. गुंडाळीचा काळा एचडीपीई पाइप घ्या, मधे सांधा नको, दोन फूट खोल, भोवती रेती किंवा मुरूम. दोन्ही तोंडं बुजवा, नाहीतर उंदीर भाडं न देता राहतील.

अर्थिंगचा खड्डा घराचा इलेक्ट्रिशियन करेलच, कोळसा-मीठ घालून. फक्त एप्रिल-मे मध्ये त्यात बादलीभर पाणी टाकायचं काम कोणाला तरी नेमून द्या. कोरड्या खड्ड्याचं अर्थिंग नावापुरतं. आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनवर ठेवा. जवळपास वीज पडतेय म्हणाला की राउटरचा प्लग काढा. ते इन्व्हर्टरवर सोपवू नका.

प्रश्न : आम्ही ब्रह्मपुरीजवळ राहतो, मी शाळेत शिक्षिका आहे. दरवर्षी गुढीपाडव्यानंतर मागच्या खोलीतलं वायफाय जातं आणि पाऊस सुरू झाला की आपोआप येतं. तीन वेळा तक्रार केली, राउटरही बदलून झाला. उन्हामुळे असं होतं का?
— एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मीही आधी उष्णतेवरच बोट ठेवलं होतं. पण उष्णतेने राउटर दमला असता तर पुढच्या खोलीतही बंद पडलं असतं आणि रात्री सुरू झालं असतं. म्हणून तुम्हाला उलटा प्रश्न पाठवला : कूलर कुठे लावता? उत्तर आलं, दोन खोल्यांमधल्या खिडकीत, पुढे सुकी हवा आणि मागे झोपायची खोली.

तोच चोर. पत्र्याची पेटी वायफायला परत फिरवते, आत ओल्या ताट्या आणि खाली टाकीभर पाणी. 2.4 ची लहर पाणी शोषून घेतं. तुम्ही दरवर्षी पाडव्यानंतर राउटर आणि मागची खोली यांच्यामध्ये पत्रा आणि पाण्याची भिंत उभी करता आणि मृगानंतर ती उचलून माळ्यावर ठेवता. जोडणीवाला बहुधा सकाळच्या वेळी आला असेल, पुढच्या खोलीत स्पीड मोजला असेल आणि ठीक आहे म्हणून गेला असेल. त्याचंही चुकलं नाही, त्याला कोणी मागे नेलं नाही.

कूलर हलवा असं ब्रह्मपुरीत राहणाऱ्याला सांगण्याचं धाडस माझ्यात नाही. तुमच्याकडे बदलून काढलेला जुना राउटर पडून असेल तर तो कामाला लावा. मागच्या खोलीपर्यंत एक वायर न्या, चौकटीच्या कडेने. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता 192.168.1.2 करा (मुख्य राउटर बहुतेक 192.168.1.1 असतो, तुमचा वेगळा असेल तर त्याच मालिकेतला देऊन), डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि वायर वॅनच्या भोकात नको, लॅनच्या भोकात लावा. नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच द्या, म्हणजे फोन आपला आपण जवळचा पकडेल. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर घरात दोन कारभारी होतील आणि दोघेही पत्ते वाटत बसतील. शाळेतल्या संगणकवाल्या सरांना पंधरा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : वरुडकडे संत्र्याची बाग आहे, गावातल्या घरापासून किलोमीटरभर. फेब्रुवारीत घराच्या गच्चीवर आणि बागेत दोन छोट्या डिश लावून बागेत कॅमेरे सुरू केले. चित्र एकदम स्वच्छ होतं. जुलैपासून तुटतंय, पाऊस पडला की पूर्ण बंद. लावणारा म्हणतो, डिश महागड्या घ्या. घ्याव्यात का?
— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : घेऊ नका. आधी गच्चीवर जाऊन मध्ये सागाची झाडं आहेत का ते बघा. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलेली असतील.

माझा अंदाज एवढा पक्का असण्याचं कारण लाजिरवाणं आहे. मीही एकदा मार्चात असंच लावून दिलं होतं. सागाचे खराटे झालेले, पलीकडची बाग आरपार दिसत होती. डिश समोरासमोर, सिग्नल भरगच्च, मालकाने जेवू घातलं. जूनच्या शेवटी फोन. जाऊन पाहतो तर सुपाएवढी हिरवी पानं, त्यावरून पाणी ओघळतंय, पलीकडचं काही दिसेना. 5 गिगाहर्ट्झच्या लहरीला ओलं पान म्हणजे चिखल. मालक मला काही बोलला नाही, नुसता सागाकडे बघत राहिला.

आणि नुसतं दिसणं पुरत नाही. दोन डिशमधली लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही, मधे ती वांग्यासारखी फुगते. किलोमीटरभर अंतराला बरोबर मध्यावर त्या फुगवट्याची त्रिज्या साधारण साडेतीन मीटर भरते. त्यातला साठ टक्के भाग तरी मोकळा हवा, म्हणजे सरळ रेषेच्या खाली दोन मीटरहून थोडी जास्त जागा. झाडाचा शेंडा रेषेला शिवत नाही म्हणून खूश होऊ नका.

उपाय दोनच : बागेकडचा खांब उंच करा, किंवा गच्चीवरची डिश दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून धुऱ्याच्या फटीतून नेम धरा. दुसरा फुकटात होतो, तो आधी करा. पोळ्याच्या सुमारास करा, तेव्हा पानं भरात असतात. तेव्हा चाललं तर बारा महिने चालेल. खांब उंच केलात तर त्याला ताण द्या, वावधनात डिश बोटभर हलली तरी नेम चुकतो. आणि खांबाला वेगळं अर्थिंग, बागेतला तो सगळ्यात उंच लोखंडी तुकडा असणार आहे. साग तोडायचा सल्ला मी देत नाही, त्याची किंमत डिशपेक्षा जास्त आहे.

प्रश्न : 100 चा प्लॅन घेतला. सिनेमा उतरवताना संगणकावर 12 च दिसतं. ही फसवणूक नाही का?
— एक निवृत्त लिपिक, जि. वाशिम

उत्तर : नाही. कंपनी मेगाबिट विकते, संगणक मेगाबाइट दाखवतो आणि आठ बिटांचा एक बाइट. 100 भागिले 8, साडेबारा. तुम्हाला 12 मिळतंय म्हणजे गावात तुमच्याइतकं चोख कनेक्शन थोड्यांकडेच असेल. हिशेब तपासायची सवय मात्र सोडू नका.

प्रश्न : अचलपूर तालुक्यात, जंगलाच्या बाजूला घर आहे. वांदरं फायबरवर झोके घेतात आणि दोन महिन्यांतून एकदा तरी तोडतात. काही इलाज?
— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : वांदराला पक्का इलाज नाही, त्याचा उपद्रव कमी करता येतो. झाडाच्या फांदीवरून ज्या तारेवर हात पोचतो तीच ते धरतात. खांबापासून घरापर्यंतची तार फांदीपासून दोन हात तरी लांब न्या, वाटल्यास घराच्या दुसऱ्या बाजूने आत घ्या. तार सैल ठेवू नका, सैल तार म्हणजे पाळणा. घराच्या भिंतीला लागल्यावर शेवटचं अंतर लोखंडी पाइपातून खाली आणा. गच्चीच्या कठड्यावरून तार कधीच नको, ती त्यांची बसायची जागा.

आणि खांबावर दहा-पंधरा मीटर जास्तीची तार गुंडाळून ठेवायला सांगा. तुटलं की जोडणीवाल्याला तेवढी ओढून नवा जोड मारता येतो, अख्खी तार बदलावी लागत नाही. माझ्या माहितीतल्या एकाने त्या गुंडाळीला बाभळीच्या काटेरी फांद्या बांधल्या होत्या. वांदरं आली नाहीत. पुढच्या बिघाडाला जोडणीवालाही खांबावर चढायला तयार नव्हता.